शेवंताबाईंचा झाकलेला चहा

पहिल्या दिवशी शेवंताबाईंनी माझ्यासमोर चहा आणून ठेवला आणि प्यायला मात्र दिला नाही.

मी नागपूरहून लाखनीपर्यंत एसटीने आणि तिथून आत दोन कोस बैलबंडीने आलो होतो. घसा कोरडा पडला होता, अंगावर धुळीचा थर होता आणि नुकताच डॉक्टर झाल्यामुळे नाकावर माशी बसू देत नव्हतो. आरोग्य केंद्राच्या टेबलावर एक जर्मनचं भांडं, त्यावर पितळेची ताटली आणि ताटलीवर एका ठेंगण्या, सावळ्या, पंचेचाळिशीच्या बाईंचा हात. मी ताटली उचलायला गेलो, तर तो हात जागचा हलला नाही.

"आता नाही साहेब," त्या म्हणाल्या. "मुरून राहिला."

पांढऱ्या पातळाला खांद्याशी सेफ्टी पिनेने टाचलेलं घड्याळ त्यांनी बोटाने वर करून पाहिलं. आणखी तीन मिनिटं, असं मला सांगितलं. मी या केंद्राचा मुख्य आणि ही माझ्या हाताखालची नर्स, आणि ही मला चहासाठी थांबायला सांगते याचा मला खरोखर राग आला. पण प्रवासाने भांडायची ताकद उरली नव्हती. तीन मिनिटांनी हात निघाला, ताटली निघाली, आणि मी असा चहा प्यायलो जो त्याआधी आमच्या घरी कोणी कधी केला नव्हता. नितळ, तांबूस, जिभेवर जरासुद्धा कडवट न लागणारा. दूध त्या वेगळं आणून देत, हवं त्याने घालावं.

गावात मात्र या चहाची टिंगलच चाले. तिथला चहा म्हणजे गुळाच्या पाण्यात पत्ती टाकून पार काळी होईस्तोवर कढवायची. सरपंच एकदा केंद्रात आले, त्यांनी कपात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या चहाले तावच नाही. डोळ्यात घालाचं औषध वाटते." शेवंताबाईंनी शांतपणे त्यांचा कप उचलून माझ्याकडे सरकवला. त्यानंतर सरपंचांना त्या केंद्रात चहा मिळाल्याचं मला आठवत नाही.

हे चहाचं शास्त्र त्यांनी वडिलांकडून घेतलं होतं. त्यांचं माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या पायथ्याशी. वडील थोडी धानाची शेती करत आणि उरलेला वेळ जंगलातून झाडपाला, साली, मुळ्या आणून लोकांना औषध देत. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी त्यांना परत पाठवलं, आणि या जडीबुटीवाल्या बापाने लोकांचं बोलणं कानाआड करून मुलीला भंडाऱ्याला नर्सिंगला घातलं. शेवंताबाई सुईही लावत आणि बापाचं बोलणंही विसरल्या नव्हत्या. औषध पाण्यात उतरवायचे तीन रस्ते, असं त्या सांगत. साल आणि मूळ कठीण, ते उकळून आटवायचं, तो काढा. धने-जिऱ्यासारखं थंड औषध असेल तर रात्रभर गार पाण्यात ठेवायचं, तो हिम. आणि पान, फूल यांच्यावर उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं आणि थांबायचं, तो फांट.

"चहा काय हाये? पानच ना? मंग पानाले उकळता काहून?" हा त्यांचा प्रश्न असे. "बाप म्हने, उकळलं का चांगलं उडून जाते न वाईट उतरते."

मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. आमच्या पुस्तकात शिरेतून थेंब थेंब सोडायच्या पाण्याला इन्फ्यूजन म्हणत, आणि जुन्या औषधशास्त्राच्या पुस्तकात पानं गरम पाण्यात मुरवून काढलेल्या औषधालाही इन्फ्यूजनच म्हटलेलं होतं. मी मोठ्या ऐटीत ही माहिती शेवंताबाईंना दिली. मला वाटलं, थक्क होतील. त्या सलाईनच्या रबरी नळ्या उकळायला टाकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबरच हाये. दोन्ही ठिकानी काम हळूच होते."

माणसांचेही त्यांनी असेच भाग पाडले होते. काही माणसं सालीची, काही फुलाची. आमचा कारकून सालीचा. त्याला चार वेळा चांगलं तापवल्याशिवाय औषधांची मागणी भंडाऱ्याला जात नसे. झाडलोट करणारी गीताबाई फुलाची, तिला नुसतं जवळ बसवलं की बोलायची. मी कशाचा, असं मी दोन-तीनदा विचारलं. "तुमचं अजून समजून नाही राहिलं," असं म्हणून त्या कामाला लागत.

केंद्रात चार खाटा होत्या. सलाईन तेव्हा काचेच्या बाटलीत येई, आणि नळीवर थेंब कमी-जास्त करायचं एक चाक असे. बाटली लागली की शेवंताबाई खाटेशी स्टूल घेऊन बसत, एक हात चाकावर, दुसऱ्याने घड्याळ धरलेलं, आणि ओठांनी थेंब मोजत. मी म्हणे, बाई, एकदा लावून दिलं की झालं, दुसरी कामं करा. त्या उठत नसत. पहिल्याच महिन्यात मला कारण कळलं. एका म्हाताऱ्याला बाटली लावून मी जेवायला गेलो होतो, बाई एका बाळंतिणीकडे होत्या. म्हाताऱ्याच्या मुलाला चारची एसटी गाठायची होती आणि अर्धी बाटली सोडून जायला त्याचा जीव होत नव्हता, म्हणून त्याने चाक पूर्ण उघडलं. दीड-दोन तासांचं पाणी वीस मिनिटांत आत गेलं. मी परतलो तेव्हा म्हाताऱ्याच्या छातीत घरघर चालली होती, आणि शेवंताबाईंनी त्याला पाय खाली सोडून बसतं केलं होतं. इंजेक्शन दिल्यावर तो वाचला. मुलगा भिंतीशी उभा राहून रडत होता. मला त्याला फाडून खायचं होतं, पण बाईंनी मला डोळ्यांनीच थांबवलं.

"त्याच्या मनात वाईट नोहतं साहेब," त्या नंतर म्हणाल्या. "त्याले वाटलं, चांगली गोष्ट हाये तं लौकर जाऊ दे."

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय या बाई कोण होत्या हे कळायचं नाही.

त्या भागात रोवणी संपली की माणसं पार गळून जात. पंधरा-वीस दिवस धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावायची, अंगावर पाऊस, पोटात पेज. मग कोणीतरी केव्हातरी पाहिलेलं असे की मरायला टेकलेला माणूस बाटली लावल्यावर उठून बसला. तेव्हा थकलेल्या माणसाला बाटली लावली तर तो दुप्पट ताकदीने उठेल, असा हिशेब गावात पक्का झाला होता. रोवणी संपली की लोक दवाखान्यात येत, तपासायचंही नाव नाही, सरळ हात पुढे करत आणि म्हणत, "साहेब, एक ताकदीची बाटली लावून द्या."

आधीचे डॉक्टर हाकलून देत. मी लावून देऊ लागलो. मला त्या गावात नाव कमवायचं होतं. चार महिन्यांत आजूबाजूच्या टोल्यांवरून, लहान लहान वस्त्यांवरून, बंड्या येऊ लागल्या. "मोठा मायाळू डॉक्टर हाये, नाही म्हनत नाही," असं लोक बोलत आणि ते माझ्या कानावर येईल अशा बेताने बोलत. माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

शेवंताबाई बाटली लावत, कारण मी सांगितलेलं असे. पण प्रत्येक वेळी आधी एकदा विचारत, "साहेब, याचं तोंड चालते ना?" म्हणजे हा माणूस तोंडाने पिऊ-खाऊ शकतो ना. मी हो म्हणे. "मंग याले बाटली कायले? बाटलीत काय हाये? मीठ न पानी. तोंड बंद तं बाटली, तोंड उघडं तं वाटी." एक दिवस त्यांनी हे चार लोकांसमोर म्हटलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना आत बोलावून सांगितलं की डॉक्टर मी आहे, तुम्ही नाही. त्यांनी ऐकून घेतलं. थोड्या वेळाने नेहमीसारखा चहा आला, झाकलेला. त्या दिवशी ताटलीवर त्यांचा हात नव्हता. मी मुद्दाम लगेच उघडला. फिका, नुसतं गरम पाणी लागलं, आणि मी तो तसाच संपवला.

पुढच्या वर्षी रोवणीनंतर मी अशाच बाटल्या वाटल्या. कपाट रिकामं होत आलं तरी मला काळजी नव्हती, भंडाऱ्याहून जीप येतच असे. मग भाद्रपदात एका टोल्यावर हगवण-उलट्यांची साथ आली. तिथले लोक बोडीचंच, उघड्या तळ्याचं, पाणी पीत. नेमका त्याच आठवड्यात नाल्याला पूर येऊन पुलावरून पाणी गेलं आणि जीप यायची बंद झाली. कपाटात तीन बाटल्या होत्या.

सकाळी आठच्या सुमाराला खाटेवर टाकूनच एका म्हाताऱ्याला आणलं. शुद्ध नव्हती, नाडी हाताला लागत नव्हती. पहिली बाटली त्याला लावली, आणि दुसरी-तिसरीही त्यालाच लागणार हे उघड होतं. तासाभरात दुसरी बंडी आली. तिच्यात कौतिका नावाची विशीतली मुलगी होती, महिन्याभराचं तान्हं घेऊन माहेरी आलेली. डोळे खोल गेलेले, ओठांना पापुद्रे, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच राही. पण जागी होती. पाणी मागत होती आणि प्यायलेलं उलटून टाकत होती. तिची आई तान्ह्याला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "बाटली लावा साहेब."

मी सांगितलं की बाटल्या नाहीत.

तिने म्हाताऱ्याच्या खाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही. "मागं रोवना झाल्यावर माह्या नवऱ्याची नुसती कंबर दुखे, तं तुमी त्याले बाटली लावली. मले म्हनलं, तुमीही लावून घ्या बाई. मले पन लावली. आता पोरगी मरून राहिली तं म्हनता बाटली नाही?"

त्यानंतर आयुष्यात मला पुष्कळ लोक बोलले, पण तोंडात मारल्यासारखं असं कधी झालं नाही. त्या दोन बाटल्या मला लख्ख आठवत होत्या, कारण त्या नवरा-बायकोने जाताना मला घरच्या तांदळाचे पोहे दिले होते आणि मी खूश झालो होतो.

शेवंताबाई म्हाताऱ्याच्या चाकावर गीताबाईचा हात ठेवून उठल्या. आता या सगळ्यांसमोर माझी लाज काढणार, आणि काढली तर बरोबरच आहे, असं मला वाटलं. त्या कौतिकाच्या आईला म्हणाल्या, "माय, साहेबानं हिच्यासाठी दुसरं औषध सांगतलं हाये. हिचं तोंड चालते, हिले बाटलीचं काम नाही. तू फक्त घाई नको करजो."

मी काहीही सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी पाणी उकळून निववलं, त्यात मीठ आणि साखर मापाने घातली, जिभेवर थेंब ठेवून पाहिला. "डोळ्यातल्या आसवापेक्षा खारट नाही पाहिजे," म्हणाल्या. एका वाटीत ते ओतून वाटी आणि चमचा माझ्या हातात दिला, आणि खांद्यावरचं घड्याळ काढून खाटेच्या दांडीला टाचलं. "साहेब, एक चमचा द्या. मंग थांबा. सेकंदाचा काटा अर्धा फिरला का दुसरा."

पहिले तीन चमचे राहिले, चौथ्याला उलटी झाली. मी खचलो. "दहा मिनिटं काही नका देऊ," त्या म्हणाल्या. "मंग पयल्यापासून." पुन्हा एक चमचा, पुन्हा काट्याकडे बघणं. पाऊण तास गेला. मी पातळ पेज करून आणायला सांगायला बाहेर गेलो तेवढ्यात आईच्या जिवाला राहवलं नाही. पोरगी तहान तहान करत होती, तिने पेलाभर पाणी एकदम पाजलं. ते सगळं भडाभडा बाहेर आलं, आणि कौतिकाचे डोळे फिरले. आई हंबरडा फोडायला लागली. मी तिच्या हातून पेला हिसकावला आणि ओरडणार, तोच शेवंताबाई म्हणाल्या, "साहेब, तुमी बाटल्या दिल्या तवाही असंच झालं होतं. द्यावं वाटते मानसाले."

एवढं एकच वाक्य त्या मला बोलल्या. तेही अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं. मग आईला त्यांनी जवळ बसवलं आणि चमचा तिच्या हातात दिला. "आता तूच दे. पन काटा बघून. तुह्या हाताचं तिच्या पोटात राहीन."

दुपारभर आम्ही तिघं आळीपाळीने ते करत होतो. काटा किती सावकाश फिरतो हे मला त्या दिवशी कळलं. मधे मधे मी म्हाताऱ्याकडे जाई. दोन वाजता त्याला तिसरी बाटली लागली. कौतिकाला उलटी होऊन दोन तास झाले होते. मग चमच्याची वाटी झाली, वाटीत मीठ घातलेली पेज आली. उन्हं भिंतीवरून खाली उतरली तेव्हा ती क्षीण आवाजात म्हणाली, मला लघवीला जायचं आहे. तुम्हाला हसू येईल, पण ते ऐकून मी बाहेर जाऊन व्हरांड्याच्या खांबाला धरून रडलो. आत आलो तर तान्हं कौतिकाच्या छातीशी होतं.

म्हातारा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. तिसऱ्या दिवशी जीप आली.

त्या संध्याकाळी शेवंताबाईंनी चहा केला. भांडं टेबलावर ठेवलं, ताटली झाकली आणि स्वतः हात धुवायला निघून गेल्या. ताटलीवर मीच हात ठेवून बसलो. त्या परत आल्या, घड्याळात पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. "आज तुमच्यानं थांबनं झालं," म्हणाल्या. मी विचारलं, "बाई, मग मी सालीचाच ना?" त्या पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "सालीचे. चांगलं दिवसभर उकळा लागलं."

त्यानंतर ताकदीची बाटली मी बंद केली. लोक रुसले, मायाळू डॉक्टर बिघडला म्हणाले, बंड्या कमी झाल्या. शेवंताबाईंनी त्यावर तोड काढली. रोवणी करून आलेल्या बाईला त्या परत पाठवत नसत. खाटेवर निजवत, पाय दाबत, वाटीभर मीठ-गुळाची पेज पाजत आणि अर्धा तास तिला कोणी हाक मारणार नाही याची काळजी घेत. "हिले बाटली नाही, अर्धा तास पाहिजे," म्हणत. आरोग्याच्या कोणत्याही पुस्तकात मी इतकं बरोबर निदान वाचलेलं नाही. पुढे सरकारकडून मीठ-साखरेची तयार पाकिटं आली, त्यावर चित्रं होती, आम्हाला भंडाऱ्याला प्रशिक्षणही दिलं. शेवंताबाई पाकीट उलटसुलट करून म्हणाल्या, "चांगलं हाये. पन याच्यात घड्याळ नाही दिलं."

चार वर्षांनी माझी बदली झाली. निरोपाला त्यांनी हार वगैरे काही आणला नाही. चहा केला, पाच मिनिटं आम्ही दोघं ताटलीकडे बघत बसलो, आणि मग मी निघालो.

पुढे मी तुमसरला मोठ्या दवाखान्यात होतो तेव्हा एक दिवस आंबागडहून त्यांच्या भावाचा निरोप आला. शेवंताबाई निवृत्त होऊन भावाकडे राहत होत्या, हे मला माहीत होतं. दोनदा भेटायला जातो जातो म्हणून राहून गेलं होतं. मी गेलो तेव्हा त्या ओसरीतल्या खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. हृदय थकलं होतं. पाय, पोट पाण्याने फुगले होते, आडवं झालं की श्वास लागत होता. औषधं चालू होती, पण पुढचं काय आहे ते त्यांनाही कळत होतं आणि मलाही. नाडी पाहताना मी नजर चुकवली, तर म्हणाल्या, "राहू द्या साहेब. हे मले मोजता येते."

मग म्हणाल्या, "चहा करा."

मी चुलीवर पाणी उकळवलं, पत्तीवर ओतलं, ताटली झाकली आणि त्यांच्या उशाशी आणून ठेवलं. घड्याळ उशीखाली होतं, ते काढून हातात धरलं. त्यांची जीभ कोरडी पडलेली दिसत होती, मला राहवेना. चमच्याने पाजलं. त्यांनी चव घेतली, डोळे मिटले. "जरा लौकर उघडलं," म्हणाल्या. दुसरा चमचाही घेतला.

त्यांची भावजय, पार्वताबाई, दाराशी उभी होती. दोन वर्षं हिनेच शेवंताबाईंचं सगळं केलं होतं, उठवणं, बसवणं, अंग पुसणं. तिचे डोळे सुजलेले होते. अंगणात शेजारच्या सहा-सात बायका येऊन बसल्या होत्या, आणि त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. "नणदेले अजून बाटली नाही लावली म्हने." "सोता नर्स होती बिचारी. लोकाइले बाटल्या लावता लावता जिनगी गेली." "घरच्याइनं खर्चाकडे पाह्यलं असन." पार्वताबाई पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती.

मी हलक्या आवाजात तिला समजावू लागलो की यांच्या अंगात आधीच पाणी साचलं आहे, बाटलीने त्रास वाढेल, बाटली न लावणं हेच बरोबर आहे. ती मान हलवत होती. तिला पटत होतं, पण अंगणातल्या बायकांना ते कोण पटवणार?

"साहेब," शेवंताबाई म्हणाल्या. "बाटली लावा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "बाई, तुम्ही म्हणता?" मी म्हणालो. "तोंड उघडं तर वाटी, हे तुम्हीच ना?"

त्यांना एकेका शब्दासाठी थांबावं लागत होतं. "मी तं जाऊन राहिली. पारबतीले याच गावात राहाचं हाये."

ज्या बाटलीवरून त्या माझ्याशी भांडल्या, ती त्या आता स्वतःच्या हातावर मागत होत्या, आणि ज्या कारणासाठी मागत होत्या ते कारण माझ्या कुठल्याही वैद्यकापेक्षा मोठं होतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, तेवढा धीट मी कधीच नव्हतो. गाडीतून सामान आणलं. पार्वताबाईला खुंटीला बाटली टांगायला सांगितली, दार सताड उघडं ठेवूनच. शीर सापडायला वेळ लागला. शेवंताबाईंनी स्वतःच दुसऱ्या हाताच्या बोटाने जागा दाखवली.

"चाक तुमी धरा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हाती नका देऊ."

मी स्टूल ओढून बसलो. एक हात चाकावर, दुसऱ्यात त्यांचं घड्याळ. चाक इतकं आवळलं की थेंब लोंबकळत राही आणि पडायचं विसरल्यासारखा वाटे. अंगणातलं बोलणं थांबलं होतं. मधेच त्यांनी विचारलं, "किती?"

"मिनिटाला पाच."

"बरं हाये," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मला कुठेही जायचं नव्हतं. पार्वताबाई पलीकडे बसून त्यांचे पाय चेपत होती. मधून मधून मी एक चमचा चहा देई, मग काट्याकडे बघे, मग पुन्हा एक. तिसऱ्या प्रहरी त्यांनी चमच्याकडे तोंड वळवलं नाही. मी तरी थेंब मोजत होतो. श्वास थांबल्यावरसुद्धा थोडा वेळ मोजतच होतो.

पार्वताबाईने टाहो फोडला तशा अंगणातल्या बायका उठल्या. एकीने दारातच तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "बाटली लावली होती ना व?"

"लावली," पार्वताबाई म्हणाली. "तुमसरचे डॉक्टर आले. सोता बसून होते बाटलीपाशी, दिवसभर."

बायकांनी माना डोलावल्या. एकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी मागे वळून खुंटीकडे पाहिलं. बाटली जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली होती. बायका आत यायच्या आधी मी ती खाली काढली, पिशवीत घातली आणि मागच्या दाराने जाऊन पेरूच्या झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली. मग रिकामी बाटली परत आणून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, खुंटीला टांगून ठेवली.